काकांची उलटतपासणी

क्षयातून बरी झालेली माणसं सहसा देवाचे आभार मानून सुरुवात करतात. मी आधी रेडिओचे मानते, आणि मग माझ्या काकांचे. काकांवर माझा इतका राग होता की तो पुरता काढायचा तर जगणं भागच होतं.

ज्यांच्या हातात नुकताच छातीचा फोटो पडलाय त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. औषधांचं डॉक्टर सांगतील, त्यात मी पडत नाही. घरच्यांचं मात्र कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

आम्ही तंजावूरचे मराठी. राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर. घरात आमची जुनी, 'आहे'ला 'अहे' म्हणणारी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, आणि कागदावर बहुतेक जण मराठीसुद्धा तमिळ अक्षरांत लिहितात. मला देवनागरी येते ती अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हट्टाने शिकवली म्हणून. मी चौदाची असताना अप्पा गेले आणि घर काकांच्या हाती आलं. घरात आई, मी, माझ्याहून पाच वर्षांनी धाकटी बहीण कावेरी, काकू आणि काकांच्या तीन मुली. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे.

फोटो खिडकीला धरला तो दिवस

पोंगलपासून खोकला होता. शाळेत सगळ्या जणी खडूच्या भुकटीला दोष देत होत्या, मीही देत होते. काकू मिऱ्यांचा काढा करून देत. मग एक दिवस पाचवीच्या वर्गात फळ्याकडे तोंड करून खोकले आणि रुमालावर लाल डाग पडला. मुलींना सांगितलं, लाल शाई सांडली. गणिताच्या बाई खोटं बोलत नाहीत अशी माझी ख्याती होती, त्यामुळे पुढे कोणी काही विचारलं नाही.

डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि डावीकडे वर बोट ठेवलं. मला तिथे थोडा धूर दिसला, बाकी काही कळलं नाही. दीड-दोन वर्षं इस्पितळात राहावं लागेल, आता चांगली औषधं निघाली आहेत, पूर्वीसारखं नाही, असं ते समजावून सांगत होते. आई पदर तोंडात धरून रडत होती. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"हे कोठे लिहावं लागतें का?"

डॉक्टरांना काही समजलं नाही. मला समजलं. कावेरीचं पापनाशमच्या एका घरी जुळत आलं होतं. घरात क्षय आहे म्हटल्यावर कोण मुलगी नेणार? मी जगेन का, हा प्रश्न त्या खोलीत आईच्या रडण्याशिवाय कोणी विचारलाच नाही.

घरी आल्यावर दुपारच्या कॉफीला माझा पेला वेगळा आला. इतरांत मिसळू नये म्हणून त्याच्या गळ्याला लाल दोरा बांधला होता. गंमत अशी की आमच्याकडे पेल्याला ओठ लावायची पद्धतच नाही. लहानपणापासून सगळे कॉफी वरून तोंडात ओततात, थेंब सांडत नाही. काकांना हे माहीत नव्हतं थोडंच. पण दोरा त्यांनी स्वतः बांधला, दोन गाठी मारून. त्या गाठी मी विसरलेले नाही आणि विसरायचा माझा विचारही नाही.

वीस खाटा

गावाबाहेर सुरूच्या झाडांत छातीच्या रोग्यांचं इस्पितळ होतं. बायकांच्या वॉर्डात वीस खाटा. भिंती कमरेपर्यंत आणि वर नुसती जाळी, म्हणजे वारा खेळता राहावा. तिथे मला कोणी वाईट वागवलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

पहाटे थर्मामीटर. मग दूध, आणि त्या दुधात कच्चं अंडं. आमच्या घरी अंड्याचं नाव काढलं तरी काकू चूळ भरायच्या. पहिल्या दिवशी मी नाक दाबून डोळे मिटले आणि पिऊन टाकलं. सातव्या दिवशी सिस्टरला विचारलं, आज अंडं लहान होतं का? दिवसाआड सुई, रोज एक कडूजहर पूड, आणि शनिवारी वजन. वजन वाढलं की सिस्टर खडूने खाटेच्या पट्टीवर रेघ ओढायची. कोणाच्या किती रेघा यावरून बायकांत चुरस असे.

भीती वाटायची ती पडद्याची. चाकांचा एक हिरवा पडदा होता. तो सरकत सरकत एखाद्या खाटेपाशी जाऊन थांबला की बाकीच्या एकोणीस जणी कुशीवर वळून भिंतीकडे बघत. पहिल्यांदा तो आला तेव्हा मी वळले नाही, बघत राहिले. त्यानंतर मीही वळू लागले. तुम्हीही वळाल, त्यात लाज वाटायचं कारण नाही.

वक्कील अय्या

वॉर्डाच्या मध्यभागी स्टुलावर एक रेडिओ होता. बऱ्या होऊन गेलेल्या कोण्या बाईंनी तो पाठवला होता. रविवारी दुपारी तीनला त्यावर तमिळमधलं कोर्टाचं नाटक लागायचं, दर आठवड्याला नवा खटला. ती वेळ खरं तर सक्तीच्या विश्रांतीची, बोलायलासुद्धा बंदी. पण सिस्टरलाही ते नाटक आवडायचं, म्हणून त्या अर्ध्या तासापुरता नियम विश्रांती घ्यायचा.

नाटकातल्या वकिलाला नाव होतं, पण वॉर्डात त्याला सगळ्या 'वक्कील अय्या' म्हणायच्या. तो कधी ओरडत नसे. आवाज खाली, बोलणं सावकाश. शेवटचा प्रश्न विचारायच्या आधी मात्र तो हटकून खाकरायचा. ते खाकरणं ऐकलं की आम्ही उठून बसायचो. माझ्या शेजारच्या खाटेवर पट्टम्माळ होती, ओरत्तनाडूकडची शेतकरी बाई. ती म्हणायची, ह्याच्या छातीचा फोटो काढायला पाहिजे, पुढच्या महिन्यात हा इथेच येतोय.

एक खटला मला अजून जसाच्या तसा आठवतो. देवळाच्या कारभाऱ्याने देवाचा सोन्याचा हार लांबवून आळ फुलं ओवणाऱ्या म्हातारीवर घातलेला. वकिलाने त्या कारभाऱ्याला बराच वेळ फक्त फुलांबद्दल विचारलं. माळ किती पदरी असते, देवाच्या कुठवर येते, सोन्याचा हार तिच्या खाली पूर्ण झाकला जातो का? कारभारी खुशीत येऊन सांगत सुटला, की हो, फुलं उचलल्याशिवाय हार दिसतच नाही. मग वक्कील अय्या खाकरला. म्हणाला, हार नाहीसा झाल्याचं तुम्ही सकाळी सगळ्यांच्या आधी सांगितलंत. तेव्हा माळ तर जागेवरच होती, मग ती उचलली कोणी? टाळ्या वाजवल्या की खोकला येतो म्हणून आम्हाला टाळ्यांना बंदी होती. आम्ही उशा बडवल्या.

घरच्या आठवणींपेक्षा त्या रविवारांच्या आठवणी मला जास्त गोड वाटतात, हे लिहिताना मला काही वाटत नाही. आम्ही सगळ्या तिथे कोणी ना कोणी टाकलेल्या होतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास का होईना, खोटं बोलणाऱ्याची बोबडी वळलेली ऐकायला मिळायची.

साडी

आई महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी यायची. कावेरीचं लग्न ठरल्याचं तिनेच सांगितलं. मला बोलावणार नव्हते, तशी माझी अपेक्षाही नव्हती. लग्नानंतरच्या शुक्रवारी तिने पिशवीतून एक साडी काढली. कूरैनाडच्या मागावरची, विटकरी रंगाची, काठ मोहरीच्या फुलासारखा पिवळा.

"कोणाची?" मी विचारलं.

"तुझीच अहे," आई म्हणाली आणि खाली बघू लागली.

साडी नवी होती, पण घडीवर तेलाचा डाग होता. कापराचा वास येत होता. एका घडीत सुकलेली जाई अडकली होती. अशी साडी कुठून येते हे आमच्या गल्लीतल्या कोणत्याही मुलीला कळेल. तमिळ शेजाऱ्यांकडून आमच्यात आलेली एक चाल आहे. लग्न व्हायच्या आधी घरातली मुलगी मेली तर ती त्या घरची 'कन्नी' होते, घरातली देवीच म्हणा. पुढे घरात मंगलकार्य निघालं की आधी तिच्यासाठी पाट मांडतात, त्यावर कोरी साडी आणि फुलं ठेवतात, दिवा लावतात आणि घरचे सगळे तिला नमस्कार करतात, वडीलधारेसुद्धा. ती रागावली तर कार्य फळत नाही म्हणतात.

मी आईला एकेक करून विचारलं. खालच्या आवाजात, एका वेळी एकच गोष्ट. तेव्हा मला कळलंही नाही की मी वक्कील अय्यासारखी बोलतेय.

पापनाशमच्यांनी विचारलं होतं की थोरलीचं लग्न न करता धाकटीचं कसं? काकांनी सांगितलं, थोरली दोन वर्षांमागे तापाने वारली. एवढ्यावर भागेल असं त्यांना वाटलं. पण मुलाची आई जुन्या वळणाची. ती म्हणाली, मग तुमच्या कन्नीला साडी ठेवा, आम्ही आदल्या दिवशी येऊन तिचा प्रसाद घेऊ. आता नाही कसं म्हणणार? काकांनी जिवंत पुतणीसाठी पाट मांडला.

"काकांनी नमस्कार केला?"

"पाठ धरली म्हणाले. वाकवेना म्हणाले."

"मग कोणी केला?"

आई रिकाम्या पिशवीची घडी घालू लागली. "मीं केलें," ती म्हणाली. "कावेरीचं लग्न, अंबू. मीं काय करणार होतें?"

"माझ्याकडे काय मागितलंस?"

"तू बरी हो म्हणून मागितलें."

मला रडू आलं नाही. मला मारलं याचाही तितका राग आला नाही, डॉक्टरांच्या खोलीतच मी ते निम्मं ओळखलं होतं. पण माझ्या आईला माझ्यासमोर वाकायला लावलं, आणि स्वतः पाठीचं निमित्त करून ताठ उभे राहिले! त्या संध्याकाळी माझा ताप एकशे एकवर गेला. सिस्टर रागावली, भेटायला आलेल्यांशी इतकं बोलू नये म्हणाली. मी साडी उशीखाली ठेवली. तो माझा पुरावा होता.

ओरत्तनाडूच्या न्यायाधीशबाई

पट्टम्माळला सगळं सांगितलं तेव्हा ती जराही हळहळली नाही. तिच्या नवऱ्याने ती इथे आल्यावर तीन महिन्यांत दुसरी केली होती, आणि ती दुसरी पट्टम्माळची चमकी नाकात घालून हिंडत होती. बरी झाले की आधी ती चमकी काढून घेणार आणि मग आंघोळ करणार, असं ती म्हणायची.

पुढच्या रविवारी नाटक संपल्यावर तिने डब्याचं झाकण खाटेच्या पट्टीवर आपटलं आणि कोर्ट भरल्याचं जाहीर केलं. न्यायाधीश ती, वकील मी. आरोपीच्या जागी एक उशी, तिला टॉवेलचा फेटा. मी त्या उशीला विचारायचे: डॉक्टरांकडे आपण काय विचारलंत? पेल्याला गाठी किती मारल्यात? पाठ कोणत्या तारखेपासून धरली? मग मी खाकरायचे, आणि ते खाकरणं खरं असल्यामुळे वक्कील अय्यापेक्षा चांगलं व्हायचं. प्रत्येक वेळी निकाल एकच, फाशी. कितीतरी रविवार आम्ही काकांना फाशी दिलं.

तुम्हाला सांगते, त्या पुडीची चव अशी होती की पुष्कळ जणी ती गुपचूप जाळीबाहेर टाकत. मी एकदाही टाकली नाही. प्रत्येक पूड गिळताना मी काकांचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचे. रागाने फुप्फुस भरून येत नाही हे मला ठाऊक आहे, पण औषध वेळेवर घ्यायला मला रागानेच लावलं.

एका रविवारी पट्टम्माळने मध्येच मला थांबवलं. झाकण हातात धरून तिने विचारलं, पाट कोणी मांडला? दिवा कोणी लावला? साडीची घडी कोणी घातली? ते सगळं आईने केलं होतं. तिला दुसरी वाट नव्हती, हे मला कळत होतं आणि तरी आतून जळत होतं. मी म्हटलं आजचं कोर्ट संपलं, आणि दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिने आपल्या संत्र्याच्या निम्म्या फोडी माझ्या खाटेवर ठेवल्या. मी खाल्ल्या. आईला मी पुन्हा कधी त्या कोर्टात आणलं नाही.

पावसाळ्यानंतर पट्टम्माळच्या रेघा थांबल्या, मग पुसल्या जाऊ लागल्या. शेवटच्या रविवारी तिला बसवत नव्हतं. नाटक संपल्यावर मी उशीला फेटा बांधला आणि निकाल विचारला. ती म्हणाली, फाशी रद्द. मी विचारलं, का? तर म्हणाली, "फाशी म्हणजे एकदाच. त्याला पुष्कळ जगू दे, आणि दर वेळी वाकायला लाव."

मंगळवारी सकाळी अकराला पडदा आला आणि माझ्या शेजारी थांबला. त्या दिवशी मी भिंतीकडे वळले नाही. तिची चमकी आणायला मी जायला हवं होतं. गेले नाही, मला तिचं गावही नीट माहीत नव्हतं. हा एक खटला माझ्यावर आहे.

कागद

दीड वर्षाने माझी थुंकी सलग सहा वेळा साफ आली. डॉक्टरांनी कागद दिला: रोग शमला आहे, संसर्गाचं भय नाही, शाळेत शिकवायला हरकत नाही. तो मी तीनदा वाचला. मी जिवंत असल्याचा सरकारी शिक्का माझ्याकडे होता. वॉर्डातल्या बायकांनी उशा बडवून मला निरोप दिला.

बसमधून उतरले तेव्हा अंगावर तीच विटकरी साडी होती.

घरात कावेरी होती. सातवा महिना लागलेला, आणि येत्या गुरुवारी तिचं डोहाळजेवण. मी दारातच थांबले, पोटुशीच्या जवळ कसं जायचं म्हणून. तीच पुढे आली, माझा हात ओढून तिने आपल्या पोटावर ठेवला आणि रडायला लागली. नंतर काकूंनी दोरा बांधलेला पेला आणला. कावेरीने त्यांच्या हातून तो घेतला, दाताने दोरा तोडला आणि त्यातली कॉफी स्वतः प्यायली, ओठ लावून. या आजारात ज्यांना असं एक माणूस मिळतं ते निम्मे तिथेच बरे होतात.

झोपाळा

काका मधल्या घरात झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, साडीकडे बघितलं, आणि बरी झालीस ना, चांगलं झालं, म्हणाले. मग लगेच कामाचं बोलले. गुरुवारी पापनाशमची मंडळी येणार. त्यांना सांगायचं की ही काकूंच्या माहेरची, थोडे दिवस राहायला आली आहे. दोन दिवस मला दुसऱ्या नावाने हाक मारायची, एवढंच. जणू फळ्यावरचं एक गणित पुसून दुसरं मांडायचं होतं.

मी झोपाळ्याची कडी धरून तो थांबवला. दीड वर्ष मी ह्या क्षणाची तालीम केली होती. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, कावेरी माझ्या मागे.

"काका, मीं जिवंत अहें का मेलें?"

"हा काय प्रश्न?"

"एक काय तें सांगा."

ते हसायचा प्रयत्न करू लागले. "समोर उभी अहेस की."

"मग गुरुवारी सगळ्यांसमोर तसं सांगा."

त्यांचं हसू गेलं. त्यांनी कावेरीकडे बोट केलं. हिचा संसार मोडायचा अहे का तुला, म्हणून विचारलं. ह्याच ठिकाणी ते मला अडवणार हे मला माहीत होतं, उशीसुद्धा प्रत्येक रविवारी इथेच येऊन थांबायची. ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर कावेरीने दिलं. नवऱ्याला तिने लग्नानंतर आठवड्याच्या आत सगळं सांगितलं होतं. तो एवढंच म्हणाला होता की अक्का बरी झाली की भेटायला जाऊ, पण अम्माला इतक्यात नको, तिचं हृदय कमजोर आहे, धक्का बसेल. "अक्का म्हणेल तर मीं गुरुवारी सासूबाईंनाही सांगतें," ती म्हणाली. "अक्का म्हणेल तसं."

काकांनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या तोंडातून काय निघतंय याची वाट बघत होते. मला ते फार आवडलं. मी घाई केली नाही.

मग मी खाकरले.

"म्हणजे सासूबाईंसाठी मीं मेलेली," मी म्हणाले. "सरि, बरं. मग गुरुवारी मंगलकार्य अहे. कन्नीचा पाट मांडा. मीं दिव्यापाशी उभी राहतें. आणि नमस्कार तुम्हीं करायचा, साष्टांग. आईने नाही."

"माझी पाठ..."

"सासूबाईंना सांगू का मग?"

झोपाळा पुन्हा हलला नाही. काका आत निघून गेले.

नमस्कार

गुरुवारी मधल्या घरात पाट मांडला गेला. हिरवी नवी साडी, जाईची माळ, समईत पाच वाती. कावेरीच्या सासूबाई समोर बसल्या होत्या, स्वभावाने गरीब बाई. त्यांनी मला विचारलं, तू कोण गं? मी म्हटलं, ह्याच घरची. त्यांनी मान डोलावली.

मी दिव्यापाशी, पाटाला लागून उभी राहिले. सवयीने आई पुढे आली आणि पदर सारखा करून वाकायला लागली. मी तिचा दंड धरला. "तू नको, आई," मी हळूच म्हटलं. "तुझा झाला." तिने माझ्याकडे बघितलं. तिच्यावरचा माझा जो काही राग शिल्लक होता तो तिथे गेला. काकांवरचा जागेवरच होता.

मग काका आले. अंगावरचं उपरणं काढून त्यांनी कमरेला बांधलं. आधी गुडघे टेकले, मग हात, मग छाती, मग कपाळ. त्यांचं कपाळ माझ्या पायांपासून वीतभर होतं. पाठीला काहीही झालेलं नव्हतं. कावेरीच्या सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, पुतणीवर किती जीव होता ह्यांचा. कावेरीने पटकन तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते, आणि ती रडत नव्हती.

मला कसं वाटलं? खूप बरं वाटलं. कागद मिळाला त्या दिवसापेक्षा बरं वाटलं. माफ केल्याने मन हलकं होतं असं मी पुष्कळ ऐकलंय, असेल. मला तरी ते कपाळ जमिनीला टेकल्याने झालं.

ते उठताना मी त्यांना हात दिला आणि त्यांच्या कपाळाला कुंकू लावायला वाकले. वक्कील अय्या शेवटचा प्रश्न विचारायचा तितक्याच खालच्या आवाजात म्हटलं, "शतायुषी व्हा, काका."

त्याला आता काही वर्षं झाली. मी पुन्हा शाळेत शिकवते. दर वर्षी छातीचा फोटो काढते आणि स्वतःच खिडकीला धरून बघते. धूर निवळलाय, एक पांढरी रेघ तेवढी राहिली आहे. त्या हिरव्या साडीनंतर कावेरीच्या मुलाच्या बारशाची निळी आली, काकांच्या थोरलीच्या लग्नाची जांभळी आली. दर वेळी मी दिव्यापाशी उभी असते आणि काका पाटापुढे साष्टांग घालतात.

परवा काकांच्या मधलीला बघायला आले होते. पसंत पडली. काकांचे गुडघे हल्ली धरतात, खाली बसवत नाही म्हणतात. मीच त्यांना वैद्याकडे घेऊन गेले. रोज सकाळ-संध्याकाळ तेल चोळायचं आणि जेवणानंतर चूर्ण घ्यायचं आहे. चूर्ण कडू आहे, काका टाळाटाळ करतात. मी समोर उभी राहून ते घ्यायला लावते. धाकटी अजून बाकी आहे.